अंथरुणावरच्या माणसाची कातडी सोलतीय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, आमच्याकडं आत्याच म्हणतात, पॅरालिसिसनंतर अंथरुणाला खिळल्या आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला. तिसऱ्या आठवड्यात बघते तर जांघेत, खाली, मागं सगळं लालबुंद आणि दोन ठिकाणी सालटं निघालेलं. मला वाटलं स्वच्छता कमी पडतीय, म्हणून अजून जोर लावून धुवायला लागले, दिवसातनं पाच-सहा वेळा साबण, वर पाण्यात अँटिसेप्टिकचं एक टोपण, आणि मग खरखरीत टॉवेलनं खसाखसा पुसायचं. नंतर नंतर बाथरूममधनं मगात पाणी भरल्याचा आवाज आला तरी आत्या चांगल्या हातानं चादर घट्ट धरायच्या. बोलता फारसं येत नव्हतं पण "नको गं" एवढं स्पष्ट यायचं. तरी मी धूतच राहिले.

शेवटी मिरजेला दाखवलं (सांगलीकरांचा आजार मिरजेला गेल्याशिवाय बरा होतच नाही). तिथल्या सिस्टरनी बघितलं आणि म्हणाल्या, ताई, घाण नाहीये ही, तुम्ही जास्त धुताय.

म्हणजे पहिली आणि सगळ्यात मोठी चूक साबण. आपली कातडी जराशी आम्लधर्मी असते, पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५, आणि नेहमीचा अंगाचा साबण ९-१० च्या घरात. त्यात लघवी अंगाला लागून राहिली की तिच्यातल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात, म्हणून तो उग्र वास, आणि अमोनियानं पीएच अजून वर जातो. आणि पीएच वर गेला की संडासमधले पचनाचे एन्झाइम, जे जेवण पचवायला असतात, ते जास्त जोरात कामाला लागतात, आणि समोर कातडी असेल तर कातडीवरच. म्हणून नुसत्या लघवीपेक्षा लघवी अधिक संडास वाईट, आणि पातळ संडास सगळ्यात वाईट. अशा कातडीवर आपण साबण आणि अँटिसेप्टिक ओतायचं म्हणजे आगीत तेलच.

आता नुसतं कोमट पाणी, बाटलीनं हळू सोडायचं, मऊ सुती फडकं, बायकांचं पुढून मागं पुसायचं, पुरुषांचं पुढची कातडी मागं करून साफ करून परत जागेवर आणायची (हे विसरलं तर तिथं सूज येऊन अडकते). आणि पुसायचं नाही, टिपायचं. शाई टिपकागदानं टिपतात तसं. घड्यांमध्ये, जांघेत ओलं राहू द्यायचं नाही. साबणाशिवाय वास जातच नाही असं वाटलं तर पीएच बॅलन्स्ड क्लिन्झर मेडिकलमध्ये मिळतो, तो आणा.

हळद लावू नका. सांगलीत राहून हे लिहिताना हात थरथरतोय. २०१८ साली जीआय (त्या गावच्या मालाची सरकारी ओळख) मिळालेली आपली हळद, आणि शेजारच्या मामी रोज येऊन सांगणार, घरची हळद खोबरेलात कालवून लावा. पण सोललेल्या कातडीवर पूड म्हणजे चरचर, आणि दुसरं म्हणजे सगळं पिवळं झाल्यावर खालची लाली वाढली की कमी झाली हे दिसणार कसं? आपल्या सावळ्या रंगावर लाली तशीही नीट दिसत नाही. तिथली कातडी आजूबाजूपेक्षा जास्त काळपट किंवा जांभळट दिसतीय का, हाताला गरम लागतीय का, दाबल्यावर माणूस दचकतंय का, हे बघायचं असतं.

पावडरही नको. ओल्यात तिचे गोळे होतात आणि घडीत वाळूसारखे घासतात.

लावायचं काय? झिंक ऑक्साइडचं मलम नाहीतर साधी पेट्रोलियम जेली. ह्याचं काम लघवी आणि कातडीमध्ये पडदा करायचं. इथं पण मी माती खाल्ली, बोटभर जाड थर दिला, भिंतीला लिंपतात तसा. जाड मलम डायपरला चिकटतं आणि डायपर शोषायचं बंद होतं, लघवी तिथंच साठते. थर पातळ हवा. आणि प्रत्येक वेळी झिंकचा पांढरा थर मुळापासून खरवडून काढायचा नाही, वरचा घाण झालेला तेवढा काढा, चिकट असेल तर थोडं खोबरेल लावून सैल करा, खालचा राहिला तर राहू दे आणि त्यावरच परत लावा. मी रोज खरवडत होते, म्हणजे भरत आलेलं परत सोलत होते.

मेडिकलवाल्याला "खाज-लालीची ट्यूब द्या" असं कधी म्हणू नका. तो तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब हातात ठेवतो, त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. क्लोबेटासोलसारखी स्टिरॉइडची मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, पण मिळतात. दोन दिवस लाली उतरते, आपण खूष, आणि आतनं कातडी पातळ होते, बुरशी असेल तर ती फोफावते. बुरशी ओळखायची खूण म्हणजे लाल भडक पट्टा आणि त्याच्या कडेबाहेर विखुरलेले बारीक पुरळ, खाज भरपूर. त्याला बुरशीचं औषध लागतं, क्लोट्रिमाझोलसारखं, पण आधी डॉक्टरांना दाखवून. शुगरवाल्यांना हे जास्त होतं. आत्यांना डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी चालू होती, ती साखर लघवीतनंच बाहेर काढते आणि त्यामुळं त्या जागी बुरशी व्हायची शक्यता वाढते. गोळी मनानं बंद करायची नाही, पण डॉक्टरांना हे दोन्ही एकत्र सांगायचं, आम्ही आधी सांगितलंच नव्हतं.

डायपरवर डायपर, खाली मेणकापड, त्यावर वाकळ, असलं काही करू नका, आत नुसती वाफ कोंडते. दर दोन तासांनी तसंही कूस बदलायचीच असते, तेव्हा हात लावून बघा, संडास झाली असेल तर लगेच बदला. दुपारी तासभर डायपर काढून नुसत्या अंडरपॅडवर ठेवलं तर चालतं. आणि डायपर वाचावा म्हणून पाणी कमी पाजणं, हे तर पाप आहे. लघवी घट्ट होते, मूत्राशय जास्त चिडतं, वर बद्धकोष्ठ. बद्धकोष्ठाचं एक फसवं रूप असतं, आत खडा अडकलेला आणि कडेनं पातळ गळतंय, आपण जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतो आणि अजून अडकवतो. चार दिवस नीट संडास नाही आणि नुसतं गळतंय असं दिसलं तर आधी डॉक्टरांना फोन.

पावसाळ्यात कापडाच्या घड्या वाळतच नाहीत, दमट घड्या वापरू नका. इस्त्री फिरवा. डिटर्जंट दोन पाण्यानं पूर्ण निघालं पाहिजे.

बेडसोर वेगळा. तो माकडहाड, टाच, खुबा असा हाडावर येतो, कडा स्पष्ट असतात, खोल जातो. ही लाली पसरट असते, घड्यांत असते. दोन्ही एकत्र पण असू शकतं. काळा डाग, पू, फोड, ताप, किंवा चार-पाच दिवस नीट करून पण फरक नाही, तर घरी थांबू नका.

आमच्याकडं आठ-दहा दिवसांत भरून आलं. पण आत्यांना सांभाळायला ब्युरोकडनं येणाऱ्या मावशी बदलत राहतात आणि प्रत्येकीची पद्धत वेगळी, म्हणून कपाटावर कागद चिकटवलाय. कोमट पाणी. टिपून कोरडं. पातळ मलम. साबण नाही. गेल्या महिन्यात नवीन मावशींनी घरून डबी आणली, तेव्हा त्याखाली ह्यांनी लाल पेनानं लिहिलं, हळद पण नाही.