परक्याची स्पोर्ट्स कार पहिल्यांदा चमकवताना

बादलीला हात लावण्याआधी मालकासोबत गाडीभोवती एक फेरी मारा आणि असलेल्या ओरखड्यांचे फोटो त्याच्यासमोरच काढा. रंग मॅट, म्हणजे बिनचमकीचा, आहे का, कुठला भाग पुन्हा रंगवलाय का, हेही विचारून घ्या. मॅटवर पॉलिश चालतच नाही.

गोव्यात खरा वैरी तांबडी धूळ. कोरड्या फडक्याने पुसलीत की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसलेच म्हणून समजा. आधी नुसत्या पाण्याने भरपूर धुवा, मग शाम्पूचा फेस. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, एक मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायची. दुसरीच्या तळाला साचलेला लाल गाळ बघितलात की कारण कळेल. चाकांची मिट वेगळी. गाडी मिरामारच्या समुद्रकिनाऱ्याकडून आलेली असेल तर चाकांच्या कमानीत आतून पाणी मारा, खारं तिथंच बसतं. ब्रेकची डिस्क गरम असताना मात्र नको.

मशीन पॉलिश? पहिल्या भेटीत टाळाच. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कडांवर त्याहून पातळ. मालक हट्टालाच पेटला तर सावलीत, कडांना टेप लावून, हातभर जागेवर करून दाखवा आणि त्याचा होकार घ्या.

अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल घरीच ठेवा.