वस्तीत सायकल रुळवायची तर आधी काय करावं

सुरुवात रस्त्याच्या रुंदीपासून नको, लोकांच्या रोजच्या फेऱ्यांपासून करा. शाळा, बाजार, दवाखाना, स्टेशन नकाशावर मांडा आणि तिथून रस्त्यानं 5 किमीच्या आत कोणत्या वस्त्या येतात ते पाहा. ताशी 15 किमीच्या निवांत वेगानं हे अंतर 20 मिनिटांचं आहे. मग गर्दीच्या वेळी प्रत्येक मार्गावर स्वतः सायकल चालवा. बारा वर्षांच्या मुलाला जिथून एकटं पाठवणार नाही, तिथे नकाशावर फुली मारा. मध्ये एक चौक जरी भीतीदायक असला, तरी लोक अख्खा मार्ग सोडून देतात. त्यामुळे नवा सायकल ट्रॅक नंतर, आधी या फुल्या मिटवा.

आतल्या गल्ल्यांना ट्रॅक लागत नाही; तिथे शॉर्टकट म्हणून घुसणाऱ्या मोटारी थांबवायच्या असतात. गल्लीच्या एका तोंडाशी 1.5 मीटर अंतरानं खांब रोवा. रहिवाशांच्या गाड्या दुसऱ्या तोंडानं येतील. अग्निशामक बंबासाठी एखादा खांब काढता येण्याजोगा ठेवा. मोटारसायकली मात्र यातूनही जातात. म्हणून फट आणखी अरुंद करू नका, आधी व्हीलचेअर आणि मालवाहू सायकल अडकेल. दुचाक्यांवर दंडाचाच उपाय. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेननं 1977 मध्ये हेच तत्त्व शहराच्या मध्यभागाला लावलं: चार भाग पाडले, मोटारीला एका भागातून दुसऱ्यात थेट जाणं बंद, सायकलला खुलं.

वाहनं ताशी 30 किमीहून वेगानं धावतात त्या रस्त्यावर वेगळा ट्रॅक हवाच. एकेरी असेल तर 2 मीटर रुंद, कारण 1.5 मीटरमध्ये ओव्हरटेक करताना हँडल अडकतात. दुहेरीला किमान 3 मीटर. शेजारी मोटारी उभ्या राहत असतील, तर उघडणाऱ्या दारासाठी मध्ये 80 सेंमी ते 1 मीटर जागा सोडा. नुसता रंगवलेला पट्टा म्हणजे आयतं पार्किंग! ट्रॅकच्या कडेचा कर्ब, म्हणजे काठाचा उंचवटा, तिरका ठेवा, उभ्या कर्बला पेडल आपटतं. गटाराच्या जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर चाक आत जातं.

खरी परीक्षा चौकात. बरेचसे ट्रॅक नेमके तिथेच संपतात, आणि सायकलस्वार वळणाऱ्या गाड्यांच्या तोंडी जातो. ट्रॅक चौक ओलांडूनही सलग न्या. कोपऱ्याची गोलाई कमी करा म्हणजे गाडीला हळू वळावंच लागतं. बाजूच्या रस्त्यावरचं सायकल क्रॉसिंग कोपऱ्यापासून एका मोटारीच्या लांबीइतकं, सुमारे 5 मीटर, आत घ्या आणि फूटपाथच्या पातळीला उचला. वळून आलेली गाडी तिथे सरळ होते, चालकाला सायकल समोर दिसते, आणि मागची वाहतूकही तुंबत नाही. कोपऱ्यावर गाड्या, टपऱ्या, फलक नकोत.

पार्किंगसाठी उलट्या 'यू' आकाराचे पाइप बसवा: उंची 75 सेंमी, दोन पाइपांत 1 मीटर अंतर, प्रत्येकाला दोन सायकली. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. फक्त पुढचं चाक धरणारे स्टँड टाळा. त्यात रिम वाकते आणि फ्रेमला कुलूप लावता येत नाही.

काम सुरू करण्याआधी सायकलस्वारांची मोजणी करून ठेवा आणि नंतर त्याच वारी, त्याच तासांत, तशाच हवामानात पुन्हा करा. एकूण आकड्याबरोबर महिला, मुलं आणि वृद्ध वेगळे मोजा. नुसते धडधाकट पुरुष वाढले असतील, तर फुल्यांचा नकाशा पुन्हा काढा.