शेजारी देशांचा व्यापार: आकडे वाचायचे कसे

एकाच देशाचे आकडे घेऊन कल काढायला बसू नका. एकाची निर्यात आणि दुसऱ्याची त्याच मालाची आयात शेजारी मांडा. दोन्ही क्वचितच जुळतात, कारण आयातीत बहुधा वाहतुकीचं भाडं आणि विमाही धरलेला असतो. मी शक्यतो आयातीचा आकडा धरतो. जकात वसूल करायची असते, म्हणून कस्टमवाले तिथे डोळ्यांत तेल घालून बघतात. अमेरिका आणि कॅनडा तर १९९०पासून एकमेकांच्या आयातीचेच आकडे आपली निर्यात म्हणून वापरतात. इतका समंजसपणा दुर्मीळच!

मग एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा जगभर चालणारा क्रमांक, तपासा. २०२२च्या फेररचनेत मोबाइलचा ८५१७१२ हा कोड गेला. स्मार्टफोनला ८५१७१३ आणि इतर मोबाइलना ८५१७१४ मिळाला. जुन्याच कोडवर आलेख काढलात, तर फोनचा व्यापार एका रात्रीत बंद पडलेला दिसेल. नव्या दोन्हींची बेरीज घ्या.

तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, शेतमालाची तर हमखास. रक्कम वाढली, पण टन तेवढेच? मग वाढलाय तो भाव. तिसऱ्या देशाचा माल नुसताच पुढे जात असेल, तर पुनर्निर्यात वेगळी काढा.