जुन्या फोर बाय फोरचं अ‍ॅव्हरेज: गॅरेजला गाडी लावण्याआधीची तयारी

अ‍ॅव्हरेज वाढवायला क्राऊन-पिनियन (अ‍ॅक्सलच्या मधल्या डिफरन्शियलमधली दात्यांची जोडी) बदलायचं डोक्यात आलं म्हणून लगेच गाडी उघडायला देऊ नका. आधीचे आठ दिवस वही, जॅक आणि टॉर्च एवढ्यावर भागतं, आणि कित्येक गाड्यांचं दुखणं तिथेच सापडतं.

पहिलं काम मोजमापाचं. एकाच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या कटऑफपर्यंत टाकी भरा. सोलापूरहून पुणे रोडने टेंभुर्णीपर्यंत जाऊन परत, असं दोनदा करा आणि तशीच टाकी पुन्हा भरा. जाऊन-येऊन चालवलं की वाऱ्याचा फायदा-तोटा बराचसा फिटतो. वेग ६०च्या आसपास आणि माल दोन्ही वेळेस सारखा. किलोमीटर मात्र मोबाइलच्या जीपीएसवरून लिहा, गाडीच्या मीटरवरून नको. कारण पुढे येतंच.

मग एकेक चाक उचलून हाताने फिरवा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटा, बाकीच्या चाकांना दगड. काळ्या मातीतल्या पाणंदीवर फिरलेल्या गाडीचे ब्रेकचे व्हील सिलिंडर चिकटलेले असणं नवं नाही. लायनर ड्रमला घासत राहतो आणि डिझेल जातं. दहा किलोमीटर ब्रेक फारसा न दाबता चालवून ड्रमजवळ हात न्या. एखादा इतरांपेक्षा तापला असेल तर ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंगचा नट जास्त आवळलाय. प्रोपेलर शाफ्टचे (अ‍ॅक्सलकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधेही याच वेळी हलवून बघा.

तेलात लोक दोन चुका करतात. साखळीच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीत) सहसा एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल, लागतं, तिथे ९० नंबरचं घट्ट तेल ओतलं जातं. आणि डिफरन्शियलचं जीएल-५ दर्जाचं तेल पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्समध्ये जातं, जिथे जीएल-४ सांगितलेलं असतं. मॅन्युअल बघूनच भरा.

पुढच्या चाकांना फ्रीव्हील हब (चाक अ‍ॅक्सल शाफ्टपासून सुटं करणारे) नसतील तर ते सगळ्यात स्वस्त आणि परत काढता येणारं काम. टू-व्हीलवर चालवतानाही पुढचे अ‍ॅक्सल शाफ्ट, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट फुकटचे फिरत असतात. हब सुटे केले की ते थांबतात. फायदा थोडाच, पण रोजचा. हे फक्त पार्ट-टाइम, म्हणजे हवं तेव्हाच चारही चाकांवर टाकता येणाऱ्या, फोर बाय फोरसाठी. सोलापूरला खरा पाऊस सप्टेंबरात. तेव्हा शेतात शिरण्याआधी हब लॉक करायची सवय लागली पाहिजे. हब सुटे ठेवून लो रेंज टाकली तर सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतो आणि शाफ्ट तुटतो. एरवी महिन्यातून एकदा लॉक करून, टू-व्हीलवरच, आठ-दहा किलोमीटर चालवा, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलला तेल लागतं.

आता रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे. मागचं एकच चाक उचला, प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा आणि चाक बरोबर दोन फेरे फिरवा (दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं, म्हणून एकाचे दोन फेरे म्हणजे दोन्हींचा एक). शाफ्टचे सव्वापाचाहून थोडे जास्त फेरे झाले तर ५.३८ (४३ आणि ८ दाते), पाचाला जरा कमी पडले तर ४.८८ (३९ आणि ८). २१५/७५ आर १५ टायरवर, टॉप गिअर सरळ १:१ असेल तर ६०च्या वेगाला ५.३८वर इंजिन साधारण २,४३० आरपीएमला फिरतं, ४.८८वर २,२१०ला. त्याऐवजी ०.८चा पाचवा गिअर असलेला गिअरबॉक्स बसवला तर ५.३८वरच १,९५० पडतात आणि खालचे गिअर बरेचसे जोरदार राहतात. म्हणून माल वाहणाऱ्या गाडीला गिअरबॉक्सच बरा. पण त्याची लांबी वेगळी असते. ट्रान्सफर केस मागे सरकली तर मागचा शाफ्ट छाटायचा, पुढचा वाढवायचा, दोन्ही बॅलन्स करायचे, योक एका रेषेत ठेवायचे. हा खर्च आधी विचारून घ्या.

क्राऊन-पिनियनच घ्यायचं तर दोन संच, पुढे-मागे एकाच रेशोचे. नुसता मागचा बदलून फोर-व्हील टाकली की दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात आणि कुठलातरी दाता जातो. नवा संच जुन्या कॅरिअरवर (क्राऊन ज्यावर आवळतात त्या भागावर) बसतो ना, तेही विचारा. सोबत पिनियनची आणि साइडची बेअरिंग चार-चार, दोन पिनियन सील, शिम आणि क्राऊनचे नवे बोल्ट. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) डायल गेजने मोजणारा मिस्त्रीच निवडा, "अंदाज आहे मला" म्हणणारा नको. क्लचही आधी तपासा: टॉप गिअरला ४०वर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज चढला आणि वेग नाही, तर क्लच घसरतोय, उंच (म्हणजे कमी आकड्याच्या) रेशोवर तो आणखी लवकर संपेल.

गाडी शेत-घर-बाजार एवढीच फिरत असेल तर रेशोला हात लावू नका. हिशेब सरळ आहे: महिन्याला हजार किलोमीटर आणि १०चं अ‍ॅव्हरेज ११ झालं, तर वाचतात नऊ लिटर. शिवाय तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने दर वेळी एक गिअर खाली टाकून चढावा लागला तर त्यातलेही काही जातात. इंजिनच बदलायचा विचार असेल तर आरटीओची परवानगी आधी.

आता मीटरचं. स्पीडोमीटर ट्रान्सफर केसच्या शाफ्टवर चालतो. ५.३८चं ४.८८ केलं की खऱ्या १०० किलोमीटरला तो ९१च्या आसपास दाखवतो. मीटरवर विसंबणाऱ्याला अ‍ॅव्हरेज वाढलेलं दिसतच नाही, आणि शिव्या मिस्त्रीला बसतात.

नव्या दात्यांवर पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ८०० किलोमीटर जड माल नको, मग डिफरन्शियलचं तेल काढा. प्लगवर बारीक करडी भुकटी चालते. तुकडे निघाले तर टेंभुर्णीची फेरी राहू द्या आणि गाडी पुन्हा उघडा.