बीडीएसला कॉलेज निवडायचंय? आधी तिथल्या ओपीडीत जाऊन बसा

नीटचा निकाल लागला की दरवर्षी फोन सुरू होतात, मॅडम आमच्या पोरीला एमबीबीएस लागत नाहीये, बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरचं शिक्षण, लागतंय, कुठलं कॉलेज टाकू? मी गेली बरीच वर्षं तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतेय आणि सगळ्यांना तेच तेच सांगते, म्हणून एकदा नीट लिहून काढते. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आहे हे.

पहिली गोष्ट, बीडीएस म्हणजे हाताचं काम. चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या दोन वर्षांत ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, मेणाचे दात कोरणं, फॅन्टम हेडवर, म्हणजे डोक्याच्या पुतळ्यावर, प्रॅक्टिस, हे सगळीकडे साधारण सारखंच. खरा फरक पडतो तिसऱ्या वर्षापासून, क्लिनिकल पोस्टिंग सुरू झाली की. तिथं प्रत्येक डिपार्टमेंटचा कोटा असतो, इतके दात काढायचे, इतकी स्केलिंग (दात साफ करणं), इतक्या कवळ्या, इतकी फिलिंग, आणि सरांची सही मिळाल्याशिवाय केस धरत नाहीत. आता पेशंटच नसेल तर कोटा कुठून पूर्ण करणार?

माझ्या कॉलेजात हेच झालं. बिल्डिंग चकाचक, खुर्च्या नव्या कोऱ्या, पण सकाळी दहाला ओपीडीत पेशंटपेक्षा ॲप्रन जास्त. मग आम्ही मुली जवळच्या वस्तीत जाऊन आजी-आजोबांना विनवायचो, रिक्षाचे पैसे द्यायचो, नाश्ता द्यायचो. पूर्ण कवळीला पाच-सहा खेपा लागतात, माप घ्या, परत माप घ्या, चावा बघा, मेणावर दात लावून बघा, मग कवळी. माझे एक आजोबा चौथ्या खेपेनंतर आलेच नाहीत, लेकीकडे गावाला गेले, आणि परीक्षेच्या तोंडावर मी पहिल्यापासून दुसरा पेशंट धरला. इंटर्नशिप संपली तेव्हा दाढेचं रूट कॅनाल मी स्वतःच्या हाताने एकही केलं नव्हतं, ते सगळं नंतर दुसऱ्यांच्या क्लिनिकमध्ये कमी पगारावर राबून शिकले. तुमच्या पोरांचं असं होऊ नये एवढंच मला वाटतं.

तर करायचं काय, यादीतली तीन-चार कॉलेजं निवडा आणि सुट्टी सोडून कुठल्याही दिवशी सकाळी दहाच्या सुमारास स्वतः जाऊन ओपीडीत बसा. तासभर बसा. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का, किती खुर्च्यांवर माणूस झोपलंय, किती रिकाम्या, सक्शन आणि पाणी चालतंय का, हत्यारं ऑटोक्लेव्हमधून (वाफेने जंतू मारणारं यंत्र) पाकिटात येतायत का उघड्या ट्रेमध्ये, हे सगळं डोळ्यांना दिसतं. ॲडमिशनच्या टेबलावरचा माणूस काय सांगतो ते राहू द्या, बाहेर कँटीनमध्ये इंटर्नना गाठा आणि थेट विचारा, तू स्वतः किती रूट कॅनाल केलेस, दाढेचं केलंस का, अक्कलदाढ स्वतः काढलीस का नुसता गाल बाजूला धरायचा रिट्रॅक्टर धरून उभी होतीस, पेशंट आपोआप येतात का तुम्हाला आणावे लागतात, स्टायपेंड हातात येतो का. पोरं खरं सांगतात, त्यांना लपवायचं काही नसतं. एमडीएसच्या (बीडीएसनंतरची पदव्युत्तर पदवी) जागा असलेल्या कॉलेजात हेही विचारा की चांगल्या केसेस पीजीच, म्हणजे एमडीएसची मुलं, घेऊन जातात का. पीजी असणं तसं चांगलंच, सिनियर शिकवतात, पण पेशंट मुळात कमी असतील तर यूजीच्या, म्हणजे बीडीएसच्या मुलांच्या, वाट्याला फक्त स्केलिंग उरतं.

दुसरं, कॉलेजला मोठं हॉस्पिटल लागून आहे का बघा. मेडिसिन-सर्जरीची पोस्टिंग तिथं होते आणि जबड्याचे फ्रॅक्चर, ॲक्सिडेंट, गाठी अशा केसेस बघायला मिळतात. मुंबईचं नायर डेंटल हे नायर हॉस्पिटलबरोबर आहे, नागपूरच्या सरकारीला मेडिकल शेजारीच, तिकडे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन तोंड न उघडणारे पेशंट इतके येतात की ओरल मेडिसिन पुस्तकात कमी आणि खुर्चीवर जास्त शिकता येतं. लोणी, सावंगी ही गावाकडची, मुलांना सुरुवातीला नको वाटतात, पण त्यांना मोठी हॉस्पिटलं लागून आहेत आणि आजूबाजूच्या खेड्यातला पेशंट तिथं जातो. शहरातलं म्हणून भारी असं काही नाही.

सरकारी मिळत असेल तर फार विचार करू नका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि महापालिकेचं नायर, यांची फी खाजगीच्या मानाने किरकोळ आणि पेशंटची कमी नाही. इमारत जुनी असेल, असू दे.

खाजगीचं गणित नीट मांडा. फी नियामक प्राधिकरणाच्या साइटवर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी असते ती बघा, त्यात हॉस्टेल, मेस, युनिव्हर्सिटीची फी आणि दरवर्षीचं इन्स्ट्रुमेंट-मटेरियल मिळवा, एअरोटर हँडपीस, मायक्रोमोटर, फोर्सेप्स हे बहुतेक ठिकाणी स्वतःचं घ्यावं लागतं आणि पालक ते धरतच नाहीत. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची फी सवलत तुमच्या प्रवर्गाला, उत्पन्नाला किती बसते ते आधी काढा, आणि डीम्ड युनिव्हर्सिटीत (स्वतःलाच विद्यापीठाचा दर्जा असलेली संस्था) ती मिळेल असं धरून चालू नका. मॅनेजमेंट कोट्यात फी कितीतरी पट होते. एजंट पकडून कोणालाही पैसे देऊ नका, नीटशिवाय आणि काउन्सेलिंगशिवाय सीट नसते.

काउन्सेलिंग दोन ठिकाणी असतं हे पुष्कळांना माहीतच नसतं. राज्यातल्या सरकारी आणि खाजगी कॉलेजसाठी राज्याचा सीईटी सेल, तर सरकारीतल्या १५ टक्के ऑल इंडिया जागा आणि डीम्ड हे एमसीसीकडे (केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी), दोन्हीकडे वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं. कॉलेज मान्यताप्राप्त आहे का आणि किती जागांना मान्यता आहे हे दंतशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक संस्थेच्या यादीत एकदा बघून घ्या.

प्रेफरन्स भरताना मागच्या वर्षीचा कटऑफ बघून वरची कॉलेजं सोडून देऊ नका, जे खरंच हवंय ते वर, मग त्याखालचं. वरचं नाही लागलं तर खालचं बघतात, वर टाकल्याने नुकसान काही होत नाही. फक्त जिथं जायचंच नाही ते यादीत टाकू नका, लागलं की पंचाईत. पहिल्या राउंडला सीट लागली तर रिटेन्शन फॉर्म (हीच सीट ठेवतो असं कळवणारा) भरण्याआधी दोनदा विचार करा, तो भरला की पुढच्या राउंडमध्ये वरचं कॉलेज मिळायचा रस्ता बंद. आणि सीट सोडायची शेवटची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्यानंतर सोडली तर दंड भरावा लागतो.