अमेरिकेत विमान शिकायला जाताना व्हिसा आणि टीएसए मंजुरीबाबत या चुका टाळा

वैमानिक होण्यासाठी अमेरिकेला निघालेल्या मुलाच्या पासपोर्टवर व्हिसा लागला की घरात पेढे वाटले जातात, आणि आता सगळे झाले असे समजण्याची पहिली चूक तिथेच होते. व्हिसा म्हणजे केवळ त्या देशाच्या दारापर्यंत जाऊन प्रवेश मागण्याची मुभा आहे. आत गेल्यावर कोणत्या दर्जाने आणि कोणत्या तारखेपर्यंत राहायचे हे प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आय-९४ या सरकारी नोंदीवरून ठरते, तर प्रत्यक्ष प्रशिक्षण सुरू करता येईल की नाही हे टीएसए, म्हणजे तिथले वाहतूक सुरक्षा प्रशासन, स्वतंत्रपणे ठरवते.

ही कडक तपासणी उगाच आलेली नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांपैकी काही जण अमेरिकेतच विमान शिकले होते, आणि त्यांतील दोघांना विद्यार्थी दर्जा मंजूर झाल्याची पत्रे हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी, मार्च २००२ मध्ये, फ्लोरिडातील प्रशिक्षण संस्थेत येऊन पडली. त्या काळी कोणता विभाग काय तपासतो याचा एकमेकांशी मेळच नव्हता, हे त्यातून उघड झाले.

दुसरी चूक पर्यटक व्हिसाची. बी-२ व्हिसा दहा वर्षांचा आहे, तेवढ्यात दोन महिने जाऊन शिकून येऊ, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. परवान्यासाठीच्या अभ्यासक्रमाला सहसा एम-१ व्हिसा लागतो, विद्यापीठातील पदवीसोबत प्रशिक्षण असेल तर एफ-१, आणि दोन्हींसाठी परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेल्या संस्थेने दिलेला आय-२०, म्हणजे विद्यार्थी म्हणून पात्रतेचा दाखला, हवा. संस्थेकडे ही मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधीच विचारावे.

तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत वेगळाच गैरसमज आढळतो. ग्रीन कार्ड मिळाले म्हणजे टीएसएची गरज नाही, असे नसते. सूट अमेरिकी नागरिकांना आहे. ग्रीन कार्डधारक, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील आणि एच-४ या त्यांच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावरील व्यक्ती यांना अर्ज करावाच लागतो. बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि शुल्क १४० डॉलर आहे. ३० जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार मंजुरी जास्तीत जास्त पाच वर्षे चालते. मात्र पासपोर्टची किंवा राहण्याच्या परवानगीची मुदत आधी संपली तर मंजुरीही तेव्हाच संपते. पासपोर्टची दोनच वर्षे उरली असतील तर तो आधी नवा करून घेणे शहाणपणाचे.

सर्वाधिक काळजी मात्र नावाची घ्यावी, कारण आपल्या नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असते. पासपोर्टवर ‘प्रणव सुरेश’ एका ओळीत आणि ‘देशमुख’ दुसऱ्या ओळीत छापलेले असेल, आणि टीएसएच्या अर्जात ‘सुरेश’ गाळले, तर नोंदी जुळत नाहीत आणि अर्ज अडकून पडतो. पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी असेल तर व्हिसावर पूर्ण नाव आडनावात जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव अज्ञात) छापले जाते. आडनाव लावून नवा पासपोर्ट काढायचा तर तो आय-२० मागवण्यापूर्वी काढावा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनीही हेच करावे.

पोहोचल्यावर त्याच दिवशी आय-९४ ची नोंद ऑनलाइन उघडून प्रवेशाचा दर्जा, मुदतीची तारीख आणि नावाचे स्पेलिंग पासपोर्ट समोर ठेवून अक्षर-अक्षर ताडून पाहावे. एम-१ ऐवजी चुकून बी-२ पडले असेल, तर सीमाशुल्क विभागाच्या ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयात कागदपत्रे दाखवून दुरुस्ती करून घेता येते. ती होईपर्यंत प्रशिक्षण सुरू करू नये.

शेवटी संस्था बदलण्याविषयी. एम-१ वर पहिल्या सहा महिन्यांनंतर, आपल्या हाताबाहेरची कारणे सोडल्यास, संस्था बदलता येत नाही. त्यामुळे विमाने कमी आहेत किंवा प्रशिक्षक मिळत नाहीत असे दिसले, तर आज ना उद्या सुधारेल या आशेवर न थांबता संस्थेच्या विद्यार्थी अधिकाऱ्याशी लगेच बोलावे, आणि नव्या संस्थेने आपल्या प्रशिक्षणाची नोंद टीएसएकडे केल्याची खात्री झाल्यावरच तिथल्या विमानात बसावे.