किनोआ मोकळा हवा तर भाज्या वेगळ्या शिजवा

किनोआ (भातासारखं शिजवायचं बारीक दाण्याचं बी) आणि भाज्या एकाच पातेल्यात घातल्या की बहुतेक वेळा लगदा होतो. कारण सरळ आहे: दुधी, टोमॅटो, मशरूम शिजताना पाणी सोडतात आणि ते सगळं दाणे शोषून घेतात.

आधी १ वाटी किनोआ बारीक जाळीच्या गाळणीत वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, फेस थांबेपर्यंत. दाण्यावरच्या सॅपोनिनमुळे (फेस येणारा नैसर्गिक कडू पदार्थ) कडवटपणा येतो, म्हणून ही पायरी टाळू नकाच. पावणेदोन वाट्या पाणी आणि मीठ घालून उकळी आणा, मग झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं. गॅस बंद करून आणखी १० मिनिटं झाकण उघडू नका. नंतर काट्याने मोकळा करा.

ताबुलेसारख्या (पार्सली घातलेलं अरबी सॅलड) सॅलडसाठी तो ताटात पसरून पूर्ण गार करा, नाहीतर कोथिंबीर-पार्सली काळवंडते. चिनी पद्धतीने परतायचा असेल तर फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेला कोरडा किनोआच घ्या. पेरू देशातल्या धर्तीवर बटाटा-गाजराचं सूप करताना मात्र धुतलेला कच्चा किनोआ थेट उकळत्या सूपमध्ये घाला आणि २० मिनिटं शिजू द्या. तिथे सूप दाटच व्हायला हवं.